औषध झोंबते तेव्हा



शाळेच्या हीरक महोत्सवात विज्ञानावरचे व्याख्यान म्हटले की अवकाशयाने, अणुशक्ती किंवा संगणक यांची अपेक्षा केली जाते. आजचा विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. मूल खेळताना पडते, गुडघा फुटतो, घरातले वडीलधारे माणूस फडताळातली बाटली काढते आणि औषधात भिजवलेला कापसाचा बोळा जखमेवर दाबते. मूल किंचाळते. त्यावर घरोघरी एकच उत्तर ठरलेले असते : “झोंबतंय ना? म्हणजे औषध लागू पडतंय.” विदर्भातून आणि उर्वरित महाराष्ट्रातून भिलाईला आलेल्या कुटुंबांनी भांड्याकुंड्यांबरोबर ही समजूतही आणली आणि ती पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप सोपवली. ती खरी आहे का, हे नीट तपासून पाहायला वैद्यकशास्त्रालाही सुमारे अर्धे शतक लागले.

जामुलच्या रहिवाशांना या विषयाची सुरुवात लांब शोधावी लागत नाही. जंतुनाशकांच्या इतिहासातले दोन मोठे पदार्थ ज्या कच्च्या मालातून निघतात, तो दोन्ही प्रकारचा माल त्यांच्या दारातच आहे. सिमेंट कारखान्याच्या भट्टीत चुनखडी भाजली जाते. त्याच चुनखडीचा चुना करून, तो विझवून त्यावर क्लोरिन वायू सोडला की ब्लीचिंग पावडर तयार होते. पलीकडे भिलाई इस्पात संयंत्राच्या कोक भट्ट्यांत कोळसा हवेवाचून तापवला जातो आणि त्यातून डांबर निघते. कोळशाच्या डांबरातूनच पूर्वी कार्बोलिक आम्ल, म्हणजे फिनॉल, काढले जात असे. फरशी पुसण्याचे काळे फिनाइलही त्याच कुळातले. ओल्या सिमेंटमध्ये दिवसभर उघड्या हातांनी काम केलेल्या कामगाराला कोणत्याही पुस्तकापेक्षा एक गोष्ट अधिक चांगली ठाऊक असते : जो चुना भिंतीवरची बुरशी मारतो, तोच हाताची कातडीही खातो.

यात नवल काहीच नाही. जंतूची पेशी आणि माणसाच्या त्वचेची पेशी या अनेक बाबतींत भिन्न असल्या, तरी दोघींचा संसार प्रथिनांवर आणि स्निग्ध पदार्थांच्या पातळ आवरणावर चालतो. फिनॉल प्रथिने गोठवते आणि आवरण फाडते. क्लोरिन समोर येईल त्याचे ऑक्सिडीकरण करतो. समोर कोण आहे याची विचारपूस दोघेही करीत नाहीत. म्हणून “हे औषध जंतू मारते का?” हा प्रश्न अपुरा आहे. आधी कोण मरते, आणि किती मात्रेला, हे विचारल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने 12 ऑगस्ट 1865 रोजी ग्लासगोच्या रुग्णालयात एका अकरा वर्षांच्या मुलावर उपचार केले. गाडीचे चाक पायावरून गेल्याने त्याचे हाड मोडून जखम उघडी पडली होती. अशा जखमा त्या काळी हमखास सडत आणि बहुधा पाय कापावा लागे, नाहीतर रुग्ण दगावे. लिस्टरने जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड बांधले. चार दिवसांनी पट्टी सोडली तेव्हा पू नव्हता, सडकी दुर्गंधी नव्हती. सुमारे सहा आठवड्यांत मुलगा आपल्या पायांवर उभा राहिला. शस्त्रक्रियेच्या इतिहासातला हा सोन्याचा दिवस, आणि तो तसा गौरवला जातो हे योग्यच आहे. मात्र याच प्रकरणातली एक बारीक नोंद सहसा सांगितली जात नाही. जखमेभोवतालची कातडी आता लाल होऊन चुरचुरू लागली होती, आणि तिला दाह होतो आहे तो जंतूंमुळे नव्हे, तर कार्बोलिकमुळे, हे लिस्टरच्या लक्षात आले. त्याने द्रावण सौम्य केले; तेलात मिसळून पाहिले. पुढे त्याने शस्त्रक्रियेच्या खोलीत कार्बोलिकचा फवारा सुरू केला. त्याने डॉक्टरांचे हात पांढरे पडत, बधिर होत. 1890 साली बर्लिनच्या वैद्यक परिषदेत लिस्टरने या फवाऱ्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याच गाजलेल्या पद्धतीतला एक भाग भर सभेत मागे घेणारा माणूस मोठाच म्हणायचा.

तरीही नंतरच्या पिढीने जंतुनाशके तपासली ती एकाच बाजूने. रॉबर्ट कॉख याने 1881 मध्ये रेशमी धाग्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू वाळवले, धागे निरनिराळ्या द्रावणांत ठरावीक वेळ बुडवले आणि नंतर त्यांवर वाढ होते का ते पाहिले. पद्धत सुंदर होती. पाऱ्याचा एक क्षार, मर्क्युरिक क्लोराइड, तीत सर्वांत प्रबळ ठरला आणि जगभर जखमा त्याने धुतल्या जाऊ लागल्या. पुढे 1889 मध्ये गेपर्ट नावाच्या संशोधकाने धाग्याला चिकटून राहिलेला पारा रसायनाने निष्प्रभ केला, तेव्हा मेलेले मानलेले बीजाणू पुन्हा वाढू लागले. पारा त्यांना मारत नव्हता, नुसता दाबून ठेवत होता. परीक्षा घेताना परीक्षकच उमेदवाराचा गळा धरून बसला होता, असे म्हणावे लागेल. आजही कोणत्याही प्रामाणिक चाचणीत औषध निष्प्रभ करण्याची ही पायरी असते.

1903 मध्ये रिडील आणि वॉकर यांनी तुलनेचा एक आकडा बसवला. विषमज्वराचे जंतू घ्यायचे आणि नव्या औषधाची किती पातळ मात्रा फिनॉलच्या किती पातळ मात्रेइतके काम करते ते पाहायचे. फिनॉल शंभर भागांत एक आणि नवे औषध हजार भागांत एक समान ठरले, तर त्याचा गुणांक 10. फिनाइलच्या डब्यावर ‘आर. डब्ल्यू.’ या अक्षरांपुढे जो आकडा छापलेला असतो, तो हाच. फरशीसाठी तो उत्तम आहे, कारण फरशीला दुखत नाही. घोटाळा झाला तो हाच आकडा जखमेकडे वळवल्याने.

मात्रेचा हा प्रश्न मुंबईच्या इतिहासात फार नाट्यमय रीतीने उभा राहिला होता. 23 सप्टेंबर 1896 रोजी मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या सुपुत्राने प्लेगचे निदान केले. पुढचे प्रकरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. घरे रिकामी करणे, कार्बोलिक आणि चुन्याने भिंती धुणे, पुण्यात 1897 मध्ये झालेली जुलूम-जबरदस्ती, आणि प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी झालेले सावित्रीबाई फुले यांचे निधन. त्याच धामधुमीत वाल्डेमार हाफकिन हा शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस बनवत होता. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. या लशीत जंतू उष्णतेने मारलेले असत आणि वर अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घातलेले असे. म्हणजे ज्या द्रव्याने गल्लीबोळ धुतले जात होते, तेच अत्यंत सौम्य करून माणसाच्या दंडात जात होते आणि शरीर ते सोसत होते. काही लशींमध्ये परिरक्षक म्हणून फिनॉल आजही याहून कमी प्रमाणात वापरले जाते.

ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. त्या सुमारास हाफकिनने लस करण्याची पद्धत बदलून कार्बोलिक वगळले होते. साहजिकच बोट तिकडे गेले आणि त्याला पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुरावा असा निघाला की दोष गावात बाटली उघडताना शिरला होता. त्या वेळी चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्याची बाजू लावून धरली आणि 1907 मध्ये त्याच्यावरचा डाग पुसला गेला. कार्बोलिक घातले म्हणजे सारे सुरक्षित, ही श्रद्धा तज्ज्ञांच्या मनातही किती खोल रुजली होती हे या प्रकरणातून दिसते. परळच्या त्या संस्थेला 1925 पासून हाफकिनचे नाव आहे.

आता या कथेच्या गाभ्याकडे वळावे. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेणखताने पोसलेल्या शेतांत सैनिक लढत होते. बाँबच्या तुकड्यांबरोबर गणवेशाच्या चिंध्या आणि तीच माती मांसात खोल शिरे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील बुलोन गावी एका जुगारघराच्या इमारतीत ब्रिटिशांनी रुग्णालय थाटले होते आणि तिथे सर अल्म्रॉथ राइट यांच्या हाताखाली अलेक्झांडर फ्लेमिंग नावाचा तरुण डॉक्टर जंतूंचा अभ्यास करीत होता. शल्यचिकित्सक लिस्टरचा वारसा इमानाने चालवत जखमांत कार्बोलिक, आयोडीन, पाऱ्याचे क्षार ओतत होते. तरी जखमा चिघळतच होत्या. कित्येकदा, फ्लेमिंगला दिसले, औषध ओतल्यावर त्या अधिकच चिघळत.

त्याने एक साधी काचेची नळी घेतली, तापवून मऊ केली आणि तिच्या तळाला पोकळ काटे ओढून काढले. बाभळीच्या फांदीसारखी ती दिसे. फाटलेल्या जखमेतही असेच आडवेतिडवे कानेकोपरे असतात. या काचेच्या जखमेत त्याने जंतुमिश्रित द्रव भरला, ओतून टाकला, तीव्र जंतुनाशक भरले, तेही काही वेळाने ओतून टाकले आणि जंतूंना मानवेल असा ताजा द्रव घातला. दुसऱ्या दिवशी नळी जंतूंनी पुन्हा भरलेली होती. औषध काट्यांच्या टोकापर्यंत पोहोचलेच नव्हते.

हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा अधिक महत्त्वाचा. जखमेत येणाऱ्या पुवात असंख्य पांढऱ्या पेशी असतात. या शरीराच्या शिपाई. जंतूंना गिळून त्या पचवतात. फ्लेमिंगने काचेच्या दोन पट्ट्यांमधील चिंचोळ्या पोकळीत मानवी रक्त, मोजके जंतू आणि औषधाच्या उतरत्या मात्रा ठेवल्या. औषध नसलेल्या रक्तात पांढऱ्या पेशींनी बहुतेक जंतू फस्त केले. तीव्र मात्रेत पेशी आणि जंतू दोन्ही मेले. आणि मधल्या काही मात्रांमध्ये पेशी मेल्या, जंतू मात्र जगले, आणि औषध नसलेल्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त वाढले. जखमेत ओतलेले औषध रक्तद्रवात मिसळून पातळ होतच असते. म्हणजे ते या मधल्या पट्ट्यात येणारच. शिपायांना आधी ठार करून दरोडेखोरांना वाडा मोकळा करून द्यावा, असा तो प्रकार होता. 1919 मध्ये त्याने ही मांडणी लंडनच्या शल्यचिकित्सकांपुढे व्याख्यानातून केली आणि 1924 मध्ये औषधांचा जंतूंवर व पांढऱ्या पेशींवर होणारा परिणाम एकमेकांशेजारी ठेवून दाखवला. राइट आणि फ्लेमिंग यांचा सल्ला असा होता : मेलेले मांस कापून काढा, जखम मिठाच्या पाण्याने धुवा आणि शरीराला आपले काम करू द्या. लिस्टरच्या एका ज्येष्ठ शिष्याने त्यांच्यावर कडाडून टीका केली. गुरूविषयीची निष्ठा आणि डोळ्यांसमोरचा पुरावा यांचा झगडा विज्ञानातही होतो.

याच युद्धात, याच प्रश्नाचे दुसरे उत्तर फ्रान्समध्येच काँपिएन्य येथे तयार झाले. रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन याने शेकडो पदार्थ पारखले आणि 1915 मध्ये सोडियम हायपोक्लोराइट निवडले. पूर्वीच्या क्लोरिनच्या द्रावणांत क्षार जास्त असल्याने त्वचा भाजे. डेकिनने हा क्षार बोरिक आम्लाने शमवला आणि तीव्रता अर्धा टक्क्याच्या आसपास बांधून ठेवली. अलेक्सिस कॅरल या शल्यचिकित्सकाने ते रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी जखमेत सोडण्याची आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजूनच जखम शिवण्याची पद्धत बसवली. एडिंबरोत त्याच वर्षी ब्लीचिंग पावडर आणि बोरिक आम्ल यांचे ‘युसोल’ तयार झाले. भारतीय रुग्णालयांच्या ड्रेसिंगच्या खोलीत ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना त्याचा वास आजही आठवेल.

1929 मध्ये फ्लेमिंगने पेनिसिलिनवरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. बुरशी, उघडी राहिलेली बशी, तो योगायोग सर्वांना ठाऊक आहे. त्या निबंधात मात्र त्याने हे द्रव्य पांढऱ्या पेशींसमोर ठेवून पाहिल्याची नोंदही आहे, आणि साध्या मांसरसापेक्षा ते त्यांना अधिक अपाय करीत नाही असे तो लिहितो. योगायोगाने हाती लागलेल्या वस्तूला कोणता प्रश्न विचारायचा, हे त्याला बुलोनच्या जखमांनी शिकवून ठेवले होते.

पुढे मानवी पेशी काचेच्या भांड्यात वाढवता येऊ लागल्या आणि तुलना सोपी झाली. 1985 मध्ये अमेरिकेत लाइनवीव्हर आणि सहकाऱ्यांनी जखम भरून आणणाऱ्या तंतुजनक पेशींवर चार नेहमीची औषधे घातली : एक टक्का पोव्हिडोन आयोडीन, तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, अर्धा टक्का हायपोक्लोराइट आणि पाव टक्का ॲसेटिक आम्ल. चारही औषधांनी पेशी मारल्या. मग ती पातळ करीत नेली. आयोडीन हजारपट आणि हायपोक्लोराइट शंभरपट पातळ केल्यावर पेशी वाचल्या, जंतू तरीही मेले. पेरॉक्साइड आणि ॲसेटिक आम्ल यांच्या बाबतीत मात्र अशी जागाच सापडली नाही. पेशींना निर्धोक होईपर्यंत पातळ केले की जंतूंनाही ते निर्धोक होई. पेरॉक्साइड जखमेवर फेसाळते तेव्हा पाहणाऱ्याला वाटते की जंतू तडफडून मरताहेत. वास्तविक तो फेस शरीराच्याच रक्तातले आणि पेशींतले एक विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करीत असल्याचा असतो.

2008 मध्ये जर्मनीतील म्युलर आणि क्रामर यांनी या दोन बाजू एका भागाकारात बसवल्या. निम्म्या पेशी मारणारी मात्रा वर, हजारांपैकी नऊशे नव्व्याण्णव जंतू मारणारी मात्रा खाली. उत्तर एकापेक्षा मोठे आले तर औषध जंतूंवर अधिक कठोर, लहान आले तर पेशींवर. ऑक्टेनिडिन आणि पॉलिहेक्सानाइड ही द्रव्ये एकाच्या वर राहिली. काचेतली पेशी म्हणजे जिवंत माणूस नव्हे, तिच्यामागे रक्तपुरवठा नसतो, हे लक्षात ठेवूनही हा भागाकार शिकण्यासारखा आहे. “99.9 टक्के जंतू नष्ट” ही जाहिरात त्यातला एकच आकडा सांगते. शिवाय दहा लाखांतले 99.9 टक्के गेले तरी एक हजार उरतात, आणि दर अर्ध्या तासाला दुप्पट होणारे हजार जंतू पाच तासांत पुन्हा दहा लाख होतात. हे गणित सातवीच्या मुलालाही करता येते.

हा धडा विसरला की काय होते हे 2020 साली देशाने पाहिले. मार्चअखेरीस उत्तर प्रदेशातील बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर, त्यांच्या मुलाबाळांवर, हायपोक्लोराइटचा फवारा मारण्यात आला. अनेक ठिकाणी फवाऱ्याचे बोगदे उभे राहिले. 18 एप्रिल 2020 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सूचना काढावी लागली की माणसांवर जंतुनाशक फवारू नये. ते शरीराला आणि मनालाही अपायकारक आहे. दरवाजाच्या कडीसाठी असलेले औषध माणसाच्या डोळ्यांत गेले होते, आणि ज्यांच्या डोळ्यांत गेले ते कष्टकरी होते. भिलाईसारख्या, मजुरांनी उभारलेल्या गावाने हे विशेष लक्षात ठेवावे.

घरापुरते बोलायचे तर लहान खरचटण्याला वाहते स्वच्छ पाणी हे पहिले औषध. माती निघेपर्यंत धुवावे, कडेची कातडी साबणाने स्वच्छ करावी, स्वच्छ पट्टी बांधावी आणि धनुर्वाताची लस चालू आहे ना ते पाहावे. बाटलीतले औषध वापरायचेच तर वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालूनच. फिनाइल, ब्लीचिंग, चुना जखमेजवळ नकोत. खोल जखम, भाजणे, मधुमेही माणसाच्या पायाची जखम यांना डॉक्टरच हवेत. कुत्रा चावल्यास हिशोब बदलतो : तिथे विषाणू शरीरात शिरला तर मरण जवळजवळ निश्चित असते, म्हणून जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून आयोडीनसारखे औषध लावणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे आवश्यक आहे. थोड्या पेशी गेल्या तरी चालतील, असा तो विचारपूर्वक केलेला सौदा आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत ही दुहेरी परीक्षा घ्यायला रोगजंतू वाढवण्याची गरज नाही, आणि तसे कधी करूही नये. कच्च्या दुधात मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे काही थेंब घालून नळी कोमट ठेवली की दुधातले जंतू ऑक्सिजन संपवतात आणि निळा रंग काही तासांत उडतो. घरगुती जंतुनाशकाच्या उतरत्या मात्रा अशा पाच-सहा नळ्यांत घालाव्यात, एक नळी औषधाविना ठेवावी, आणि त्याच मात्रांच्या द्रावणांत मूग भिजवावेत. एकीकडे कोणती नळी निळी राहते त्याची दर अर्ध्या तासाला नोंद, दुसरीकडे किती मूग मोडावले आणि मूळ किती वाढले याचे रोजचे मोजमाप. दूध निळे राहते आणि मूगही मोडावतो अशी एखादी पायरी त्या रांगेत आहे का, एवढेच शोधायचे. ती सापडेलच असे नाही. ब्लीचिंग पावडर मात्र या प्रयोगात घेऊ नये. ती निळा रंग स्वतःच घालवते, मग जंतू जिवंत असोत वा मेलेले. नुसते पाणी, रंग आणि ब्लीचिंग अशी एक नळी शेजारी ठेवली तर हा घोटाळा मुलांच्या आपसूक लक्षात येतो.